अगं बाई, पिवळी आली!

सकाळचे पावणेसात वाजले की मंचरच्या आमच्या आळीत पूर्वी दूधवाल्याची हाक यायची. आता पिवळी येते. पिवळी म्हणजे इंग्लिश मीडियमची बस हो, आणखी काय! ती कोपऱ्यावर वळली की जी पळापळ उडते, तेवढी नवरदेव पारावर आला तरी उडत नाही. एका हातात टाय, दुसऱ्या हातात डबा, तोंडात अर्धी पोळी कोंबलेलं चार वर्षांचं पोर आणि त्याच्यामागं गाऊनवर ओढणी घेतलेली आई. ‘बाय म्हण टीचरला, बाय म्हण!’ आता बसमध्ये टीचर कुठनं येणार? बसमध्ये असतात मावशी. पोरं चढवायची, उतरवायची, कुणाला उलटी झाली तर पुसायची. आणि नेमक्या त्याच वेळेला त्या मावशींची स्वतःची पोरगी वाडीवरच्या झेडपीच्या शाळेसाठी वेणी घालत बसलेली असते. पण ते नंतर सांगते. आधी चहा घ्या, सांगण्यासारखं पुष्कळ साचलंय.

परवा मी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता मोजलं. पाऊण तासात नऊ गाड्या. नऊ! एसटीनं पाऊण तासात भीमाशंकरकडं नऊ गाड्या सोडल्या तर आम्ही कंडक्टरला ओवाळू. आणि ही साथ काही मंचरपुरती नाही. आळेफाटा, नारायणगाव, ओतूर, जुन्नर, इकडं घोडेगाव, पारगाव, जिथं म्हणून डांबर पोचलं तिथं पिवळी पोचली. उसाच्या फडाशेजारनं पिवळी, द्राक्षबागेच्या बांधानं पिवळी. विचारावं तर म्हणतात, ‘काकू, बिबट्या आहे ना! पोर चालत पाठवायचं कसं?’ खरंय बाई, आमच्याकडचा बिबट्या हा चेष्टेचा विषय नाही. माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र आहे, तरी उसात तो आहेच. पण मला एक सांगा, मावशींची पोरगी त्याच उसाकडेनं चालत जाते. तिला बघून बिबट्या म्हणतो का, ही मराठी माध्यमाची, हिला जाऊ द्या?

एक आठवलं म्हणून सांगते. आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू. १९३० साली मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला आणि जीव दिला. डिंभ्याच्या धरणाला त्याचं नाव आहे. त्याच्या पुण्यतिथीला, बारा डिसेंबरला, आमच्याकडचे पुढारी स्वदेशीवर भाषणं करतात. मी एकदा सभेच्या मांडवाबाहेर उभी होते. एका पुढाऱ्यानं भाषणाच्या मध्येच घड्याळ बघितलं. नातवाची पिवळी यायची वेळ झाली होती!

आता सोहळे ऐका. ओतूरला माझी नणंद असते. तिचा फोन आला, ‘वहिनी, पदवीदान आहे, यायलाच पाहिजे.’ मी म्हटलं, कुणाचं? एवढा शिकलेला कोण निघाला तुमच्यात? तर सिनियर केजीतल्या नातीचं! काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, हातात रिबिन बांधलेली गुंडाळी. पोरगी स्टेजवर गेली आणि झग्यात पाय अडकून रडायला लागली. टाळ्या मात्र अशा, की विद्यापीठात कुलगुरूलाही पडत नसतील. झग्याचं भाडं वेगळं, फोटोचे वेगळे, आणि ‘ग्रॅज्युएशन’ झालं म्हणून पहिलीची नवी फी वेगळी.

नारायणगावची भाचेसून त्याहून पुढची. शाळेत ‘व्हेजिटेबल डे’ होता. पोराला टोमॅटो व्हायचं होतं. जिथं टोमॅटोचा एवढा मोठा बाजार भरतो की रस्त्याला क्रेटच्या थप्प्या लागतात, त्या गावात हिनं पुण्याहून टोमॅटोचा पोशाख भाड्यानं आणला. साडेतीनशे रुपये! त्या दिवशी खऱ्या टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट त्याच्या निम्म्यानंसुद्धा जात नव्हतं. सासरा वैतागून म्हणाला, ‘मलाच पाठव की शाळेत, भाव बघून माझा चेहरा आपोआप लाल झालाय.’ आणि बरं का, नर्सरी म्हटलं की आमच्याकडं आजवर टोमॅटोच्या रोपांचीच आठवण यायची. ट्रेमध्ये कोकोपीट, एकेका खळग्यात एकेक रोप, वर शेडनेट. आता दुसरी नर्सरीही तशीच निघालीय. एकेका बाकावर एकेक रोप, वर पत्र्याचं शेड, आणि दर रोपामागं आगाऊ पैसे.

शाळांची नावं तर काय वर्णावी. ज्या रानात दोन सालांपूर्वी कांदा होता तिथं आज इंटरनॅशनल. शेजारी ग्लोबल. त्याच्या पलीकडं वर्ल्ड, आणि वर्ल्डच्या भिंतीला लागून म्हशींचा गोठा. आमच्या वेळी झेडपीच्या शाळेच्या कमानीवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ असं लिहिलेलं असायचं. तेव्हा वाटायचं केवढं जड नाव. आता वाटतं, निदान मंदिर गावात मावत तरी होतं.

हे रान एकाएकी कसं माजलं, याला पाणी कुणी घातलं, ते कुणी बोलत नाही. मी बोलते. सरकारनं २०१२ साली स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा कायदा केला. म्हणजे काय, तर जागा दाखवा, ठेव ठेवा, अनुदान मागणार नाही असं कबूल करा आणि शाळा काढा. पूर्वी आमच्याकडं शाळा निघायची ती लोकवर्गणीनं. नारायणगावची ग्रामोन्नती मंडळाची शाळा, तिथले रा. प. सबनीस गुरुजी, ओतूरचं चैतन्य विद्यालय, ही नावं अजून म्हातारी माणसं हात जोडून घेतात. आता हात जोडतात ते फीची मुदत वाढवून मागायला.

आणि इंग्रजीचं खूळ तरी पालकांच्या डोक्यात आपणहून शिरलं का? रामकृष्ण मोरे, आपल्याच जिल्ह्यातले, शिक्षणमंत्री असताना २००० साली त्यांनी पहिलीपासून इंग्रजी आणलं. हेतू चांगला होता. गरिबाच्या पोरालाही इंग्रजी मिळावं, मराठी शाळेतनं पोरं जाऊ नयेत. पण गावानं त्यातनं काय घेतलं? सरकारच म्हणतंय पहिलीपासून इंग्रजी पाहिजे, मग वाटीभर कशाला, पातेलंच घेऊ! पुढं झेडपीनं सेमी काढलं, गणित नि विज्ञान इंग्रजीतनं. गाव म्हणालं, सेमीपेक्षा फुल्ल बरं. आता २०२५ पासून राज्याचा अभ्यासक्रम सीबीएसईच्या धर्तीवर, पहिलीपासून सुरुवात. लागलीच आमच्या आळीत चर्चा, ‘धर्तीवर कशाला, अस्सलच घेऊ की.’ तोवर फाट्यावर एका शाळेचा बोर्ड लागलासुद्धा, ‘सीबीएसई पॅटर्न’. पॅटर्न हा शब्द मोठा गुणाचा आहे. साडीवाला पण पैठणी पॅटर्न म्हणून विकतो. पैठणी कुठं विकतो?

त्यात सरकारचे स्वतःचे फॅशन शो. २०२४ साली काढलं ‘एक राज्य, एक गणवेश’. कापड वरनं येणार, बचत गट शिवणार. पिवळीतल्या पोरांचा युनिफॉर्म मे महिन्यातच ठरलेल्या दुकानातनं, ठरलेल्या भावात, पिशवीत भरून घरी. झेडपीच्या पोरांनी मात्र पंधरा ऑगस्टला गेल्या वर्षीच्याच कपड्यात झेंड्याला सलाम केला. जे आले त्यातलं एक शर्ट मी पाहिलं. बाह्या गुरुजींना झाल्या असत्या आणि गळा कुणालाच झाला नसता. वर्ष संपायच्या आत ते सगळं गुंडाळून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं. त्याआधी पुस्तकात वहीची कोरी पानं घातली होती, दप्तराचं ओझं कमी करायला. तीही काढली. आणि २०२५ ची ती हिंदी! १६ एप्रिलला पहिलीपासून आली, १७ जूनला पदर बदलून पुन्हा आली, २९ जूनला माहेरी परत. पाहुणी म्हणून आलेली बाई इतक्या वेळा ये-जा करायला लागली तर शेजारी काय म्हणतील? पालक तेच म्हणतात. ‘काकू, झेडपीत दर जूनला नवीन काहीतरी. तिकडं निदान टाय तरी दर वर्षी तोच असतो.’

बरं, आता खरी भानगड. जवळ सरका.

शिक्षणहक्क कायदा माहीत आहे ना, २००९ चा, लागू झाला २०१० च्या एप्रिलात. त्यात एक कलम आहे. खासगी विनाअनुदानित शाळेनं पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या पोरांना द्यायच्या, फी सरकार भरणार. आमच्याकडं कायद्याचं नाव कुणी घेत नाही, म्हणतात, ‘आरटीईतनं लागला.’ जसं म्हाडातनं घर लागलं. सोडत निघते, प्रतीक्षा यादी लागते, आणि त्या दिवशी आमच्या आळीतलं नेट बंद पडतं.

त्या अर्जात एक नकाशा असतो. मोबाईलवर आपल्या घरावर लाल फुगा ठेवायचा. घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असेल तर आधी नंबर, मग तीनपर्यंतचे. आता फुगाच तो. वाऱ्यानं हलायचाच! माझ्या माहितीतल्या एका घराचा फुगा दर वर्षी वेगळ्या शाळेच्या कुंपणाला टेकलेला असतो. घर तेच, वाडवडिलांचं. एकाचा फुगा चक्क शाळेच्या मैदानावर होता, म्हणजे कुटुंब बहुधा खो-खोच्या खांबापाशी राहत असावं. लाज नाही हो लोकांना! आणि उत्पन्नाचा दाखला? दुर्बल घटक म्हणजे वर्षाला एक लाखाच्या आत. दारात ट्रॅक्टर, अंगणात गाडी, बागेला ड्रिप, आणि दाखल्यावर उत्पन्न शहाण्णव हजार. मी विचारलं, शहाण्णवच का? तर म्हणे नव्याण्णव लिहिलं की संशय येतो. मी तर कानावर हातच ठेवले.

शाळावाल्यांचंही गाऱ्हाणं आहे, ते खोटं नाही. सरकारनं एका पोरामागं वर्षाला १७,६७० रुपये दर धरला, कोरोनाच्या वर्षी तो आठ हजारांवर आणला, आणि तेही वेळेवर दिले नाहीत. थकलं. मग संस्थाचालक म्हणायला लागले, सरकारचा जावई आम्ही किती दिवस पोसायचा? यावर सरकारनं काय तोडगा काढावा? पैसे द्यावेत? छे! ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमच फिरवला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला पंचवीस टक्क्यांतनं सुटका. आता मला सांगा, मंचर, नारायणगाव, जुन्नरच्या पेठेत अशी कोणती शाळा आहे की जिच्या किलोमीटरभरात झेडपीची नाहीतर अनुदानित शाळा नाही? वर्ल्डवाल्यांनी म्हणे त्या दिवशी बासुंदी केली.

लोकांनी अर्ज उघडला तर यादीत तीच आपली झेडपी नि अनुदानित. ‘अहो, तिथं जायला अर्ज कशाला, चप्पल घातली की पोचतो!’ कोर्टकचेऱ्या झाल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, १९ जुलैला तो नियमच रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच शिक्का मारला. न्याय झाला, पण शाळा तर जूनमध्येच भरलेल्या. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका पोरीचा नंबर लागला, ती गेली तेव्हा वर्गात पावसाची कविता शिकवून संपली होती आणि मुलांचे गट पडून झाले होते. तिला विचारलं, मैत्रीण कोण? म्हणाली, ‘खिडकी.’

हसू नका, मी पण आधी हसले होते.

आणि या सगळ्या सोडतीत पश्चिमेकडचा पट्टा कुठं? तिथं नकाशावर फुगा ठेवून बघा. आहुपे, कोंढवळ, तेरुंगण, किंवा जुन्नरच्या अंगाला हातवीज, आंबे, इंगळून. तीन किलोमीटरात काय येतं? भाताची खाचरं, हिरड्याची झाडं, आणि पावसाळ्यात नुसतं धुकं. विनाअनुदानित शाळाच नाही तर तिचे पंचवीस टक्के कशाचे काढणार? म्हणजे हा हक्क असा की जिथं श्रीमंतांसाठी शाळा निघाली तिथंच गरिबाला मिळणार. शेजारी श्रीमंत नसेल तर तुमच्या गरिबीचाही उपयोग नाही! महादेव कोळी आणि ठाकर घरांतली माणसं टोमॅटो नि द्राक्षाच्या हंगामात पूर्वेकडं मजुरीला उतरतात. ज्यांच्या बागेत राबतात त्यांच्या पोरांची पिवळी त्यांच्या अंगावर धूळ उडवत जाते. तेवढाच काय तो त्यांचा इंग्लिश मीडियमशी संबंध.

त्यांच्यासाठी सरकारचं वेगळं दुकान आहे, घोडेगावला, आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात. एक माल आश्रमशाळा. दुसरा माल ‘नामांकित’. नामांकित म्हणजे आदिवासी पोरं पहिलीपासून चांगल्या इंग्रजी निवासी शाळेत घालायची, खर्च सरकारचा. पोरं पार पाचगणीपर्यंत जातात. ऐकायला किती झकास! आमच्या आळीतल्या बाया तर हेव्यानं म्हणतात, ‘त्यांचं बरंय बाई, फुकट पाचगणी.’ मी एकदा घोडेगावच्या स्टँडवर तसं पोर पाहिलं. सहा वर्षांचं. पत्र्याची पेटी त्याच्यापेक्षा मोठी. आई पेटीवरचं नाव परत परत पदरानं पुसत होती, नाव पुसलं जाईल याचं तिला भान नव्हतं. आमच्याकडची केजीतली पोरं बसमध्ये पाच मिनिटं उशिरा आली तरी ग्रुपवर चाळीस मेसेज पडतात. ही बाई दिवाळीपर्यंत थांबणार होती. वाडीतली शाळा नको म्हणून नव्हे हो. वाडीतल्या शाळेत चार वर्ग, एक गुरुजी, आणि गुरुजींना महिन्यातले किती दिवस मीटिंग, सर्वेक्षण, मतदारयादी, माहिती भरणं, ते तुम्हीच मोजा.

एक गुरुजी का? तर पट.

पट हा शब्द नीट ऐका. आमच्याकडं शिक्षकाच्या घरात मुलीच्या लग्नाची नसेल एवढी काळजी पटाची असते. तीस सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे किती पोरांमागं किती गुरुजी मंजूर. पोरं घटली की गुरुजी अतिरिक्त, मग समायोजन, मग राहिलेल्या पोरांना एकच गुरुजी. एकच गुरुजी दिसले की उरलेल्यातले जरा बऱ्या घरचे पिवळीत चढले. पट आणखी घटला. अन् मग वरनं कुणीतरी येतं, हजेरी बघतं आणि गंभीर तोंडानं म्हणतं, ‘इथं शाळेची गरजच दिसत नाही.’ २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आत पट म्हणून राज्यातल्या १,३१४ शाळांवर संक्रांत आली. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळांची समूह शाळा करायची टूम निघाली. २०२४ च्या सप्टेंबरात याच छोट्या शाळांवरच्या कंत्राटी शिक्षकाच्या आदेशाविरुद्ध गुरुजींनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. आमच्या आळीतल्या बाया मोर्चाचा व्हिडिओ बघून म्हणाल्या, ‘बघा, झेडपीत हे असं. बरं झालं आपण काढून घेतलं.’ तुम्ही काढून घेतलंत म्हणून तर मोर्चा निघाला ना गं! पण हे कुणी कुणाला सांगायचं?

एप्रिल-मेत गुरुजी दारोदार फिरतात. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ अशी घोषणाच आहे. पहिलीतल्या पोरांची बैलगाडीतनं मिरवणूक, डोक्यावर टोप्या, हातात फुगे. एका वाडीत म्हणे गाडीला बैल दोन आणि गाडीत पोर एक. मी पाहिलं नाही, पण सांगणाऱ्यानं शपथ घेतली. आणि सगळ्यात गरम बातमी म्हणजे ज्या गुरुजींनी पट मागितला त्यांचंच पोर पिवळीत! लोक दात विचकतात. अलाहाबादच्या उच्च न्यायालयानं २०१५ साली फर्मावलं होतं की सरकारी नोकरांनी पोरं सरकारी शाळेतच घालावीत. आमच्याकडं असलं काही झालं तर पंचायत समितीच्या आवारात केवढा आक्रोश होईल! पण मी गुरुजींना का दोष देऊ? ते पोराचे बाप आधी आहेत. आणि एकशिक्षकी शाळेत काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

तरी गंमत बघा. याच जिल्ह्यात उलटी रांगही लागते. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीला झेडपीची अशी शाळा झाली की बाहेरगावची माणसं पोरांसाठी प्रतीक्षा यादीत नाव घालायला लागली. तिथले वारे गुरुजी पुढं खेड तालुक्यात जालिंदरनगरला गेले. तिथली पटाअभावी बंद पडायला आलेली शाळा २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत पोचली आणि लोकांच्या मतांवरचं बक्षीस घेऊन आली. झेडपीची शाळा, खरीखुरी इंटरनॅशनल, आणि बोर्डावर तसं लिहिलेलंही नाही! आमच्या भाचेसुनेनं ताबडतोब विचारलं, ‘तिथनं बस सुटते का?’ मी म्हटलं, अगं, तिथल्या गावकऱ्यांनी जमीन दिली, हात लावले, पैसे घातले म्हणून ते झालं. तुमच्या गावच्या शाळेला तू काय दिलंस? म्हणाली, ‘आम्ही टोमॅटोचा पोशाख देऊ शकतो.’

पुणे जिल्हा परिषदेनंही कमाल केली. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मदतीनं परीक्षा घेऊन झेडपीची पंचवीस पोरं अमेरिकेत नासा पाहायला पाठवायची ठरवली. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सन्नाटा. ‘नासा? झेडपीची?’ एका पप्पांनी तर शाळेत जाऊन विचारलं की एवढी फी भरतो, आमचं पोर का नाही नासाला. शाळेनं सांगितलं, आम्ही इमॅजिकाला नेऊ. मला त्या पप्पांची दया आली. आता खोडदला आपल्याच तालुक्याशेजारी जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या त्या भल्या मोठ्या तबकड्या आहेत, दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं, झेडपीची पोरं कागदी ग्लासांचे प्रयोग घेऊन येतात आणि तासन्‌तास समजावून सांगतात. मराठीत. पिवळीतलीही येतात. त्यांचे प्रयोग फार सुबक असतात, कारण ते त्यांच्या आईनं रात्री दोनपर्यंत जागून केलेले असतात.

तुम्ही म्हणाल, काकू, एवढं टोचून बोलताय, तुमचा नातू कुठं जातो?

आता चहा गार झाला, दुसरा टाकते.

हो, जातो. त्याच पावणेसातच्या गाडीत जातो. काय करणार! सुनेनं लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं म्हणे. गेल्या पाडव्याला गुरुजी आमच्याकडंही आले होते. मी त्यांना पोहे दिले, दोनदा चहा दिला, त्यांची शाळा किती चांगली हे त्यांनाच सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. जाताना उंबऱ्यात म्हणाले, ‘काकू, एकोणीस झालेत. एक नाव कमी आहे.’ नातू तेव्हा टेबलापाशी सदतीसला थर्टी सेव्हन म्हणतात हे पाठ करत होता. सदतीस म्हणजे किती ते त्याला माहीत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. मी गुरुजींना म्हटलं, बघते. त्यांनाही कळलं, मलाही कळलं.

तर त्या बसमधल्या मावशी. काल संध्याकाळी आल्या. पदराच्या गाठीत उत्पन्नाचा दाखला, खरा बरं का, खऱ्या आकड्याचा. जातीचा दाखला, पोरीच्या जन्माचा दाखला, सगळं पिशवीत नीट. वाडीवरच्या शाळेत आता नऊ पोरं उरलीत म्हणाल्या, बाईंची बदली झालीय, दुसऱ्या अजून आल्या नाहीत. ‘काकू, तेवढा आरटीईचा फॉर्म भरून द्या. दोन वर्षं तुमच्या पोरांना चढवते-उतरवते, माझी पण त्यात बसंल. बसचं भाडं पण नाही लागायचं, मी आहेच की गाडीत.’

मी चष्मा लावला, मोबाईल काढला, सगळं भरलं. मग तो नकाशा आला. मावशींच्या वाडीवर बोट ठेवलं, लाल फुगा उभा राहिला. अंतर आलं तीन किलोमीटर आणि वर थोडं. थोडंच. ओढा ओलांडून अलीकडं घर असतं तर आतच आलं असतं.

मावशी माझ्या खांद्यावरनं वाकून बघत होत्या. म्हणाल्या, ‘काकू, तो फुगा जरा अलीकडं सरकतो का हो?’